बरणीवरची पोर

चारकोप,
१२ जानेवारी २०२५

गंधालीताई,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कारापासून जे काय लिहितात ते सगळं तुला पोचलं असं समज. मला त्यातलं निम्मं आठवत नाही, आणि कॉलेज सोडल्यापासून हातानं एवढं लिहिलेलं नाही, त्यामुळे अंगठा आत्ताच कुरकुरतोय.

'फोन नको, फोनवर मी लगेच गोड बोलायला लागते' हे तुझं कारण मला पटलं. परवा तू गॅसवाल्याशी बोलत होतीस तेव्हा मला वाटलं, त्याचं लग्न आहे आणि तू करवली.

तर पोचलो. उशिरा पोचलो, कारण बोरिवलीत एक माणूस भेटला. लोकांच्या घरात शिरलेली घुबडं पकडून जंगलात सोडतो. त्याच्याबरोबर एका बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो, तर घुबड नव्हतंच, कोणाचा तरी केसांचा टोप होता. असो. तू पाठवलंस ते गाळा बघायला.

गाळा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, अगदी मागच्या रांगेत. एका बाजूला स्क्रू बनवतात, दुसऱ्या बाजूला पट्ट्यांचे बक्कल, आणि मध्येच कोकमाचा वास. काम अनुपमाताईंचं. वेंगुर्ल्याकडच्या, सेक्टरातल्या घरात राहतात. सासरे नाना गिरणीत होते, आता गाळ्याच्या दारात स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला गाव विचारतात. मी घाटकोपर सांगितलं तर म्हणाले, "तां गाव नाय, तो पत्तो."

सात-आठ बायका आहेत. कोकमाचं आगळ, लोणची, करवंदाचा मुरंबा. चव झकास, मी पोट बिघडेपर्यंत तपासली. बाटल्या मात्र अजून नरसाळ्यानं भरतात आणि झाकणं हातानं दाबतात. अंधेरीच्या एका मोठ्या दुकानाला माल हवाय, पण सीलबंद हवाय. कोकमाच्या हंगामाआधी मशीन आलं तर ऑर्डर पक्की. नाही आलं तर गाळेमालक ही जागा बक्कलवाल्याला देणार, तो टपूनच बसलाय. बक्कलवाला माणूस चांगला आहे तसा, मला एक बक्कल फुकट दिलं. पट्टा नाही माझ्याकडे.

तुझं नाव सांगितलं नाही. 'मुलुंडच्या एक बाई आहेत, काम चांगलं असेल तर भागीदारीत पैसे घालतात' एवढंच. बरोबर ना?

तुझा,
यज्ञेश

•

मुलुंड,
२० जानेवारी

यज्ञेश,

बरोबर. तेवढंच सांग आणि तेवढंच ठेव.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, हे आधी लिहिते, नाहीतर राहून जाईल. या महिन्यात माझ्याकडे जो येतो तो लॅपटॉप उघडतो, आणि पहिल्याच चित्रात एक मूल. नाक वाहणारं, डोळे मोठे. मग आकडे. मी आकडे बघते, तरी ते मूलच पुढे सरकवत राहतात. मी दान देत नाही, भागीदार होते, हे सांगून सांगून घसा दुखतो. दानात माणसाला रडून दाखवावं लागतं. मला कोणाचं रडणं बघायचं नाही. ते खरं आहे की बसवलेलं, हे मला लगेच कळतं, आणि कळलं की थकायला होतं.

नाव का नको ते परत लिहिते, कारण तू विसरतोस. परवा एक सीए आला होता. पंचावन्नचा असेल. फाइल उघडायच्या आधी बोट वर करून म्हणाला, "अजून!" आणि हसला. मीही हसले. सहा वर्षांची असताना एका सिनेमात बोट वर करून मी भात मागितला होता. पस्तीस वर्षं झाली, लोक अजून भात वाढतायत. बाबांनी त्याच दृश्यातला माझा चेहरा उचलून आमच्या लोणच्याच्या बरणीवर लावला. बाबा गेले, मी कंपनी विकली, तेव्हा चेहराही बरणीबरोबर गेला. आता दुकानात मी कोणाच्या तरी मालकीची उभी असते, कांद्या-लसणाच्या मसाल्याशेजारी.

एकदा ते कळलं की लोक मला काम दाखवत नाहीत, ती पोर शोधतात. म्हणून तुला पाठवते. तू कुठेही जाऊन बसतोस, आणि हा काही बघायला आलाय असं कोणालाच वाटत नाही. हे कौतुक आहे.

काम चांगलं वाटतंय. मशीनचं बघते. मामींना फोन कर, त्या मला विचारतात तू जिवंत आहेस का.

ताई

•

चारकोप,
४ फेब्रुवारी

ताई,

आधी पाकीट नीट बघ, आत एक लेबल आहे. बघितलंस? आता वाच.

झालं असं. मी गाळ्यात मोहरी पाखडत होतो (येतं मला आता), तर अनुपमाताई म्हणाल्या, "यज्ञेशभाऊ, वरची ती पोरीची बरणी द्या बघू, मीठ संपलं." पोरीची म्हणजे कुठली म्हणून वर बघतो तर तू! दोन वेण्या, लाल रिबिनी, बोट वर. जुनी बरणी आहे, तुमचीच, घासून घासून तुझा एक कान गेलाय. आत जाडं मीठ.

निघून गेलं गं तोंडातून. "अरे, ही तर माझी ताई!"

मग काय विचारतेस. मानसी म्हणून एक आहे, ती तर नरसाळं टाकून उठलीच. "खोटं! शप्पथ घे!"

"आत्याची मुलगी आहे माझी. सख्ख्या आत्याची."

"म्हणजे त्या मुलुंडच्या बाई त्या ह्याच?"

आता तिथे मी काय बोलणार. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. नाना दारातून ओरडले, "काय झाला गो? कोण गेला?" मानसी म्हणाली, "गेलं नाय नाना, गावलं!" सगळ्या हसत सुटल्या. अनुपमाताईनं स्वतः हात वर करून बरणी उतरवली. बरणी पदरानं पुसली, मीठ दुसऱ्या डब्यात ओतलं, आणि बरणी देवाच्या फळीवर नेऊन ठेवली. मला म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही त्यांच्या डोक्यात मीठ भरत होतो, बघा."

दुसऱ्या दिवशी ती प्रांजलला घेऊन आली. प्रांजल तिची मुलगी, पहिलीत आहे, माझ्याशी पत्ते खेळते आणि लबाडी करते. आली ती दोन वेण्या, लाल रिबिनी. आईनं विचारलं, "काय म्हणायचं?" तिनं बोट वर केलं, "अजून!" ताई, काटा आला मला. अगदी तू! म्हणजे तू नाहीस, सावळी आहे, डोळे बारीक आहेत, पण तीच. अनुपमाताईचा भाऊ प्रीतम मार्केटमध्ये बॅनर छापतो, त्यानं फोटो काढून लेबलचा नमुना केला. मी बोट जरा वर घ्यायला सांगितलं, ते माझं काम.

त्यांना आता तू नुसती पैसेवाली बाई वाटत नाहीस. घरचं कोणीतरी वाटतेस. 'बाईंना बघून भरून येईल,' असं त्या म्हणतायत. मलाही तसंच वाटतं.

यज्ञेश

•

मुलुंड,
८ फेब्रुवारी

यज्ञेश,

लेबल मिळालं.

तुला एकच गोष्ट सांगितली होती.

मशीनचं मी सध्या थांबवते आहे. तसं त्यांना कळव.

गंधाली

•

माहुल,
३ मार्च

ताई,

पत्ता बघून ओरडू नकोस. मी पळून आलो नाही. म्हणजे आलोच, पण खंडूकडे आलोय, तो शाळेतला, ज्यानं तुझ्या बंगल्यातल्या हौदात मासे सोडले होते. इथे खाडीवर बसलं की समोर चिखलात गुलाबी रोहित पक्षी, मागे तेलाच्या टाक्या, आणि नाकात असा वास की पहिले दोन दिवस माणूस स्वतःचा सदरा हुंगतो. खंडूची काकू म्हणते, पाखरांना नाक नसतं म्हणून येतात. मी तिला म्हटलं, असतं. ती म्हणाली, मग त्यांना माझ्यासारखंच दुसरीकडे घर नसेल.

हे सगळं मी का लिहितोय ते तुला माहितीय. मला मुद्द्यावर यायचं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अनुपमाताईला सांगितलं. म्हटलं, सध्या थांबलंय. तिनं का विचारलं नाही. चहा दिला. मी सॅक उचलली आणि निघालो, कारण त्या गाळ्यात त्यानंतर माझ्यानं मोहरी पाखडवेना.

काल तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं. बक्कलवाला येऊन जागा मोजून गेला. मग म्हणाली, "भाऊ, एक विचारू? खरं सांगायचं हां. पोर सावळी म्हणून ना?"

मी म्हटलं, "काय?"

"नाय, तुमच्या ताई गोऱ्या. बरणीवर कशा दिसतात. आमची पोर बघून त्यांना वाटलं असेल, ही काय आमची नक्कल करते. मी समजू शकते. पण तसं असलं तर लेबल बदलू, काम कशाला थांबवायचं?"

मी नाही नाही म्हणत राहिलो. पण नाही तर मग काय, हे मला कुठे सांगता येत होतं? मलाच माहीत नाही. मग तिनं सांगितलं की प्रांजल दोन दिवस आरशासमोर बोट वर करून हसायची तऱ्हा बदलत होती. परवा गाळ्यात सापडली ती तोंडाला तांदळाचं पीठ फासून. "आता घेतील का बाई?" असं विचारत होती.

ताई, माझ्यावर चीड, मी चुकलोच. पण त्या पोरीवर तू का रागावलीस? ते मला नको, त्यांना तरी सांग.

यज्ञेश

•

मुलुंड,
९ मार्च

यज्ञेश,

हे पत्र घेऊन चारकोपला जा आणि अनुपमाताईंना वाचून दाखव. तुझ्या शब्दांत सांगू नकोस. वाच.

पोर सुंदर आहे. लेबल पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच वाटलं. पिठाचं वाचून जेवण गेलं नाही. तिचं तोंड कोणीतरी नीट धुवून तिला सांगा, की बाईंनी तिला नाकारलेलं नाही.

लोकांना वाटतं, लहानपणी माझ्यावर जबरदस्ती झाली. विचारतात तसं, आवाज खाली करून. नाही झाली. मला आवडायचं. दिवे लागले की अंगात ऊन शिरल्यासारखं व्हायचं. सगळे माझ्याकडे बघायचे, बाबा सगळ्यांच्या मागे उभे राहून बघायचे. घरी ते पेपरकडे बघत. तिथे माझ्याकडे.

सातव्या वर्षी पुढचा दात पडला. शूटिंग अर्धं व्हायचं होतं. आई म्हणाली, दात पत्र्यावर टाक आणि उंदराला सांग, माझा जुना घे, तुझा नवा दे. बाबा म्हणाले, थांबा. मला घेऊन ते दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि त्याच्याकडून एक खोटा दुधाचा दात करून घेतला. तारेवर बसवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. पेरू खायचा नाही, चिक्की खायची नाही. सिनेमा झाला, जाहिराती झाल्या, खालून खरा दात आला तरी त्याला बाबांची हरकतच असल्यासारखी वाटायची. त्या गडबडीत पडलेला दात कुठे गेला कोणालाच ठाऊक नाही. उंदराला काही मिळालं नाही.

मग मी वाढले. त्यात माझी चूक नव्हती, पण मला वाटायची. चेहरा लांबला, नाक आलं. बरणीवरची तशीच. बाबांच्या ऑफिसात माझा एकच फोटो होता, तो बरणीवरचा. कोणी आलं की ते आधी फोटो दाखवायचे आणि मग माझ्याकडे हात करून म्हणायचे, "ही तीच." मी वकिलीची परीक्षा पास झाले तेव्हासुद्धा पेढे देताना, "ही तीच."

शेवटी हॉस्पिटलमध्ये त्यांना फारसं कळत नव्हतं. मी उशाशी बसून होते, भात कालवून. जेवेनात. म्हणाले, "गंधाली कुठाय?" मी म्हटलं, "इथेच आहे बाबा." माझ्याकडे बघितलं, नर्सकडे बघतात तसं. परत म्हणाले, "गंधाली कुठाय?" मी म्हटलं, "शूटिंगला गेल्येय."

तेव्हा कुठे जेवले.

म्हणून लेबल पाहून मी मशीनचं थांबवलं. ते वाईट झालं असतं तर मी हसले असते. ते चांगलं झालंय. ते चालेल. आणि चाललं की ते बदलायला कोणी तयार होत नाही, आईसुद्धा. हे मी तिच्या आईला ओळखत नसताना लिहिते आहे, त्यांनी मला माफ करावं.

मशीनचे पैसे मी देते आहे. लेबल काहीही ठेवा. अट घालून द्यायचे असं आधी ठरवलं होतं, पण अट लिहायला बसले तर कागदावर बाबांचं अक्षर दिसायला लागलं. मुलगी त्यांची, निर्णय त्यांचा. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं, एवढं मला पुरे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण तू आहेसच तसा, आणि मी ते माहीत असून पाठवलं.

ताई

•

चारकोप,
१९ मार्च २०२५

सौ. नाही लिहीत, कारण यज्ञेशभाऊ म्हणाले तसं लिहू नका. म्हणून गंधालीताई यांस,

अनुपमाचा नमस्कार. मी दहावीपर्यंत शिकले, चुका होतील.

यज्ञेशभाऊंनी पत्र वाचून दाखवलं. मधेच दोनदा पाणी प्यायला उठले. हॉस्पिटलचं वाचलं तेव्हा शेजारच्या स्क्रूवाल्याच्या मशीनचा आवाज पण बंद होता, लाइट गेली होती.  नाना म्हणाले, "त्या बापाशीक पोर दिसली नाय गो, लोणच्याची बरणीच दिसली." वाईट वाटून घेऊ नका, ते जुने आहेत, तोंडात येईल ते बोलतात.

मी मनातल्या मनात तुम्हाला खूप बोलले होते. गोऱ्या लोकांचं असंच, असं. ते परत घेते. तुम्ही आमच्या पोरीला नाय म्हटलं, असं मला वाटलं, आणि तुम्ही तर तिच्या बाजूनं बोलत होता.

प्रांजलला मी थोडं सांगितलं. म्हटलं, तू मोठी होशील पण बरणीवरची एवढीच राहील, चालेल का? ती म्हणाली, "म्हणजे ती कायम पहिलीतच? नापास?" सगळ्या हसल्या. पण मला रात्रभर तेच. माझी पोर नापास होऊन त्या फळीवर उभी.

आणि ताई, गंमत अशी की तिचा पण पुढचा दात पडला. त्याच आठवड्यात. प्रीतम म्हणतो, कॉम्प्युटरवर दात लावून देतो, काय कळणार नाय. मी म्हटलं, हात लावून बघ.

आम्ही बायका बसलो. आमच्याकडे कसं, गणपती दर वर्षी नवीन आणतात. मागच्या वर्षीचा कितीही साजरा असला तरी त्याला पाण्यात पाठवतात. त्याला कोणी म्हणत नाही की हा आधीच्यासारखा दिसत नाही. मग आम्ही ठरवलं, हंगामाला दर वर्षी पोरीचा नवीन फोटो. या वर्षी दात नाही तर नाही. पुढे चष्मा लागला तर चष्मा, तोंडावर पुटकुळ्या आल्या तर त्या. वेण्या नको म्हणाली तर नको. लेबलवरून 'अजून' काढून टाकलंय. ज्या वर्षी ती म्हणेल मला फोटो नको, त्या वर्षी नुसतं कोकम.

मानसी म्हणाली, गिऱ्हाईक ओळखणार कसं? मी म्हटलं, शेजाऱ्यांची पोरं वाढतात, आपण त्यांना ओळखत नाही का?

तुम्हाला हे धंद्यात बसत नसेल तर सांगा. तुम्ही भागीदार. पण पोर वाढलेली बरणीवर दिसेल, लपवणार नाही.

तिचा दात कागदात बांधून ठेवलाय. सेक्टरातल्या घराला पत्रा नाही, वरती दुसऱ्याचं घर. गावच्या कौलावर टाकायला मे उजाडेल. नाना म्हणतात, गाळ्याच्या पत्र्यावर टाकू, उंदीर इथे काय कमी आहेत. तुम्ही या.

अनुपमा

•

मुलुंड,
२८ मार्च

अनुपमाताई,

धंद्यात बसतं. नसलं बसत तरी बसवू. मशीनवाल्याचा माणूस सोमवारी येईल, त्याला पहिल्या दिवशी नीट जेवायला घाला, म्हणजे तो काम शिकवून जाईल.

'वाईट वाटून घेऊ नका' म्हणालात. नानांचं वाक्य मी तीनदा वाचलं. मला इतकी वर्षं जे लांबवून लांबवून सांगावं लागतं ते त्यांनी एका दमात सांगितलं. वाईट नाही वाटलं. झोप लागली.

मी येणार नाही, रागावू नका. मला कुठे जाऊन उभं राहायचं म्हटलं की आपोआप तोंड हसरं होतं, आणि सध्या मला ते तोंड जरा खाली ठेवायचं आहे. पुढच्या वर्षी फोटोच्या वेळी येईन. मागे उभी राहीन.

सोबत एक पुडी आहे. आतली वस्तू कुंकवाच्या करंड्यात होती, आईच्या. उंदराला चालते का ते माहीत नाही, खोटी आहे. प्रांजलच्या दाताबरोबर टाकून द्या. नाही चालली तर कचऱ्यात.

गंधाली

•

चारकोप,
७ एप्रिल

ताई,

मी परत मोहरीवर आहे. अनुपमाताईनं चाळण पुढे केली.

मशीन आलं. त्याचा आवाज म्हणजे डबल डेकर खोकतेय. नाना त्याला हळदकुंकू लावताना म्हणाले, "ह्याचा गाव खयचा?" मशीनवाला म्हणाला, राजकोट. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "चलात." बक्कलवाला पेढे घेऊन आला होता. जागा गेली तरी आला, म्हणून मी म्हणतो माणूस चांगला. पेढ्यावरून आठवलं, इथे नाक्यावर एक मिठाईवाला आहे, तो... राहू दे. नंतर.

दाताचं. काल रविवार, गाळा बंद, म्हणून सगळ्या पोराबाळांसकट जमल्या. प्रांजलनं आपला कागद सोडला, तुझी पुडी अनुपमाताईनं सोडली. सगळ्यांनी वाकून बघितलं. तार काळी पडलीय, पण दात अगदी पांढरा. प्रांजलच्या खऱ्यापेक्षा पांढरा. ती म्हणाली, "हा त्या ताई कुठल्या टूथपेस्टनं घासायच्या?"

नाना उठले, टोपी सारखी केली आणि चक्क गाऱ्हाणं घातलं, उंदराला! जत्रेत देवाला घालतात तसं, खड्या आवाजात. "बा मूषका, ह्या चारकोपातल्या गाळ्याच्या पत्र्यावर बसणाऱ्या, आज ह्यो दोन पोरी तुझ्याकडे इल्यासत रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" "एकीचो दात खरो, एकीचो बापाशीन केलेलो, तू भेदभाव करू नको रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "जुनो घे, नवो दी, आणि दोघींका मोठी होऊ दी रे म्हाराजा!"

 

प्रांजलनं आपला दात फेकला. टिक् झालं, गेला. मग तिनंच तुझा फेकला. पत्रा उतरता आहे ना, घरंगळत खाली आला. परत फेकला, परत आला, तारेमुळे असेल. पोरगी रडवेली झाली. मी म्हटलं, दे, मी टाकतो. तर अनुपमाताई म्हणाली, "थांबा." तिनं तार दातानं कडकन मोडून वेगळी केली, नुसता दात हातात घेतला आणि एवढ्या जोरात भिरकावला की शेजारच्या स्क्रूवाल्याचा कुत्रा उठून बसला.

आम्ही सगळे मान वर करून थांबलो. आला नाही खाली.

लेबल पाठवतोय नवीन. हसताना मधे काळी खिडकी दिसते, बघ.

आणि प्रांजल विचारतेय, "त्या ताईंना आता नवा येणार ना?" मी हो म्हणून बसलोय. आता तू बघ काय ते.

तुझा,
यज्ञेश